पऱ्हाटी, पाचट आणि शेण : शेतातल्या अवशेषांतून गावाची ऊर्जा

पीक काढून झाल्यावर शेतात, खळ्यावर, गोठ्यात आणि गिरणीत जे मागे राहते त्याला सरकारी कागदपत्रांत कृषी कचरा म्हणतात. गावाच्या नजरेने पाहिले तर त्यातला खरा कचरा फार थोडा असतो. ज्वारीचा कडबा म्हणजे जनावरांची वर्षाची बेगमी. दुष्काळी सालात कडब्याच्या पेंढीसाठी माणसे तालुके पालथे घालतात. सोयाबीन-हरभऱ्याचे कुटार दावणीला जाते, तुराट्यांचे कूड बांधले जातात, पऱ्हाटी चुलीत जाते, धानाचे तणस पावसाळ्यासाठी रचून ठेवले जाते. त्यामुळे ऊर्जेच्या हिशेबात शेतातले सगळे अवशेष धरून चालत नाही. चारा, जळण, कूड आणि खत हे सगळे मानकरी जेवून उठल्यावर पंगतीत जे उरेल तेवढेच धरावे लागते.

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार उपलब्ध होतो आणि इतर वापर वजा जाता त्यातला सुमारे २३ कोटी टन शिल्लक राहतो. या शिलकीतून २८ हजार मेगावॅट आणि साखर कारखान्यांच्या बगॅसमधून, म्हणजे उसाच्या चिपाडातून, आणखी १४ हजार मेगावॅट क्षमता उभी राहू शकते, असे हा अंदाज सांगतो. आकडे मोठे आहेत, पण ते शेतात पडलेल्या मालाचे आहेत. शेत आणि भट्टी यांच्यामध्ये कापणे, गोळा करणे, वाळवणे, वाहून आणणे आणि पावसापासून वर्षभर राखणे अशी पाच कामे येतात, आणि बहुतेक योजनांची कसोटी या पाच कामांतच लागते.

म्हणून या विषयाची पहिली वाटणी तंत्रज्ञानाने करण्यापेक्षा माल कुठे पडतो यावरून करणे सोयीचे ठरते. काही अवशेष आपोआप एका जागी साचतात: गोठ्यातले शेण, कारखान्यातला बगॅस, भात गिरणीतला तूस, फळप्रक्रिया उद्योगातल्या साली आणि कोयी. काही अवशेष रानभर पसरलेले असतात: पऱ्हाटी, तुराट्या, उसाचे पाचट, छाटलेल्या द्राक्षवेलींच्या काड्या. पहिल्या प्रकारातून महाराष्ट्रात ऊर्जा खरोखर निघाली आहे. दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलले फार गेले, त्यामानाने घडले कमी.

दुसरी वाटणी ओल्या आणि कोरड्या मालाची. ओला माल हवाबंद टाकीत कुजवला की जिवाणू त्याचा वायू करतात. कोरडा माल जाळावा लागतो, किंवा अपुऱ्या हवेत तापवून त्याचा वायू वा कोळसा करावा लागतो. जिवाणूंना कर्बाबरोबर नत्रही पुरेसे लागते. साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र हे प्रमाण त्यांना मानवते. शेण या प्रमाणाच्या जवळ असते. गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट यात कर्ब कितीतरी जास्त असतो, शिवाय लिग्निन नावाचा काष्ठ घटक जिवाणूंना जवळजवळ पचतच नाही. पऱ्हाटी गोबर गॅसच्या टाकीत टाकून काहीच हाती लागत नाही ते यामुळे. उलट केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तो जाळायला गेले तर उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडते, म्हणून जळगाव भागातल्या केळीबागांचा अवशेष कुजवण्याच्या नाहीतर धागा काढण्याच्या कामाचा.

ओल्या मालात शेण सर्वांत जुने. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून वायू काढून दिवाबत्तीसाठी वापरल्याची नोंद आहे. शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग १९३०च्या दशकाअखेरीस दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी केले. १९५१च्या सुमारास जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हे तरंगत्या टाकीचे संयंत्र बसवले आणि १९६०च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तेच देशभर नेले. विटांच्या विहिरीवर उपडी ठेवलेली लोखंडी टाकी वायू साठला की वर येते, वापरला की खाली बसते. किती गॅस शिल्लक आहे हे घरातल्या लहान मुलालाही कळते. दोष एकच, टाकी गंजते आणि तिचाच खर्च सर्वांत जास्त. १९८४ मध्ये आलेल्या ‘दीनबंधू’ नमुन्यात लोखंड काढून सगळा घुमट विटा-सिमेंटचा केला गेला. तो स्वस्त पडला, पण घुमटाला बारीकशी चीर राहिली तरी गॅस निसटतो, म्हणून सगळी मदार गवंड्याच्या हातावर आली.

हिशेब सोपा आहे. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. त्यात पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. शेणाइतकेच पाणी घालून काला करायचा, गवत-काड्या वेचून काढायच्या आणि टाकीत सोडायचा. तो आत महिना-दीड महिना राहतो आणि दुसऱ्या तोंडातून स्लरी होऊन बाहेर पडतो. वायूत ५५ ते ६० टक्के मिथेन, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या शेवटच्याचा. एक घनमीटर वायू उष्णतेच्या मापाने सुमारे ०.४३ किलो एलपीजीच्या तोडीचा. थंडीत जिवाणू मंदावतात आणि नेमक्या हिवाळ्यातच आंघोळीच्या पाण्याला गॅस पुरत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते.

१९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाल्यापासून देशात सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रे बांधली गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ९ लाखांचा. देहूला डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालय आणि बायोगॅस यांची सांगड घालण्याचे काम आयुष्यभर केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने दुग्धव्यवसायाच्या जोडीने बायोगॅस घरोघरी नेला. तरीही बांधलेल्या आणि चालू असलेल्या संयंत्रांत मोठी तफावत आहे. याचे खापर सहसा बांधकामावर फुटते, पण खरी कारणे गोठ्यात सापडतात. ट्रॅक्टर आला तसे बैल गेले. दोन सलग दुष्काळांनी उरलेली जनावरे विकायला लावली. एक गाय आणि एक म्हैस एवढ्यावर दोन घनमीटरची टाकी चालत नाही. शेण कालवण्याचे रोजचे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते, आणि २०१६च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर दारात आल्यावर ते काम सोडण्याचा निर्णय तिने घेतला असेल तर त्यात नवल काही नाही. सध्याच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात छोट्या संयंत्रांना अनुदान आहे. मात्र ते बांधण्यासाठी मिळते, चालवण्यासाठी नाही.

टिकून राहिलेल्या संयंत्रांकडे पाहिले तर तिथे गॅसपेक्षा स्लरीला किंमत असते. शेणातले नत्र, स्फुरद, पालाश टाकीत नाहीसे होत नाही. फक्त कर्बाचा काही भाग वायू होऊन जातो. गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या मुजकुवा आणि झकरियापुरा या गावांत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हीच गोष्ट धरून मांडणी केली. दूध घालणाऱ्या महिलांच्या घरामागे छोटी संयंत्रे बसवली. गॅस ज्याचा त्याने वापरायचा, आणि स्वतःच्या शेताला लागून उरलेली स्लरी गुणवत्ता पाहून गावाच्या मंडळीने विकत घ्यायची. मुजकुव्यात महिलांची खत सहकारी मंडळीच उभी राहिली. दूधसंघाचे जाळे असलेल्या पश्चिम महाराष्ट्राला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही.

ओल्या मालाच्या उरलेल्या वाटा थोडक्यात सांगता येतील. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत खरकटे आणि भाजीबाजारातला माल आधी गरम, हवेशीर टाकीत मऊ करून मग मुख्य टाकीत सोडतात. माथेरानला असे संयंत्र उभे राहिले. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने शहरी घराच्या गच्चीत मावेल असे छोटे संयंत्र केले. त्यात शेणाऐवजी पिठूळ आणि गोड पदार्थ, म्हणजे खराब पीठ, शिळे अन्न, सडकी फळे घालतात. असा माल शेणाच्या मानाने कितीतरी लवकर आणि थोडक्या वजनात गॅस देतो, कारण शेणातला पचण्यासारखा भाग जनावराने आधीच पचवलेला असतो. या संयंत्रासाठी संस्थेला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. जळगावच्या जैन उद्योगात आंब्याच्या साली-कोयी आणि कांद्याच्या टाकाऊ भागापासून बायोगॅस काढून वीज केली जाते. माल कारखान्याच्या आवारातच पडतो, वाहतूक शून्य, हे त्यामागचे खरे बळ.

कोरड्या मालात ऊस पहिला येतो आणि ऊर्जेचे गणित समजून घ्यायला कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ चांगले. घाण्यातून निघालेली चिपाडे फडावर पसरून वाळवतात आणि चुलवाणात घालतात. वरच्या काहिलीत रस उकळतो, मळी निघते, पाक होतो, गूळ वाफ्यात ओतला जातो. उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटतो. बाहेरून काही आणावे लागत नाही, निदान लागू नये. चुलवाण नीट बांधलेले नसेल तर चिपाड पुरत नाही आणि मग लाकूड, कधीकधी जुने टायरसुद्धा जळणात जातात. त्यातून निघणारा काळा धूर आसपासच्या वस्तीला नको होतो.

तोच ऊस कारखान्यात गेला की तेच चिपाड, म्हणजे बगॅस, रस आटवून वर राज्याच्या जाळ्यात वीज घालते. हा फरक कशाने पडतो? उघड्या काहिलीत प्रत्येक किलो पाणी उडवायला नव्याने उष्णता द्यावी लागते आणि ती वाफ हवेत निघून जाते. कारखान्यात बाष्पीभवन पात्रे ओळीने जोडलेली असतात आणि प्रत्येक पुढच्या पात्रात दाब कमी असतो. पहिल्या पात्रातून निघालेली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. एक किलो वाफेत चार-पाच किलो पाणी उडते. शिवाय बॉयलरमधली वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते आणि दाब उतरल्यावर मग रस आटवायला येते. टनभर उसातून सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस निघतो, त्यात निम्मे पाणी असते. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरवर एवढ्या बगॅसमध्ये कारखान्याची स्वतःची गरज कशीबशी भागायची. ६७, ८७ किंवा ११० बार दाबाच्या बॉयलरवर टनामागे शंभराहून अधिक युनिट वीज निघते आणि तिचा मोठा भाग विकता येतो.

राज्याने २००८ मध्ये एक हजार मेगावॅट सहवीजनिर्मितीचे धोरण आणले. आज महाराष्ट्रात बगॅसवर आधारित सहवीजेची क्षमता २,५०० मेगावॅटहून अधिक आहे आणि देशात हे राज्य आघाडीवर आहे. कृषी अवशेषांपासून ऊर्जा म्हणताना राज्यात खरोखर मोठ्या प्रमाणावर घडलेली गोष्ट हीच. मात्र तिला गावाची ऊर्जा म्हणणे जरा ताणून म्हणणे होईल. वीज ग्रीडमध्ये जाते, पैसा कारखान्याच्या ताळेबंदात येतो आणि सभासदाला तो उसाच्या दरातून मिळाला तर मिळतो. प्रकल्प उभारताना काढलेली कर्जे मोठी होती. पुढे सौरविजेचे भाव तीन रुपयांच्या आसपास आले तसे सहवीजेचे जुने दर टिकले नाहीत, आणि गाळप हंगाम संपला की बॉयलर थंड. ज्या कारखान्यांनी कर्ज फेडून टाकले त्यांना सहवीज तारते. बाकीच्यांच्या गळ्यात ती लोढण्यासारखी आहे.

भात गिरणीची गोष्ट याच वळणाची. धानाच्या वजनाच्या सुमारे २० टक्के तूस निघतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे गिरण्यांमागे त्याचे डोंगर साचत. उकड्या तांदळाच्या बॉयलरला तूस तिथल्या तिथे जातोच. त्याची राख पंधरा-वीस टक्के असते आणि तीत सिलिका भरपूर, त्यामुळे भट्टीच्या नळ्या झिजतात. फुकट तूस गृहीत धरून देशात ठिकठिकाणी वीजप्रकल्प उभे राहिले आणि ते उभे राहिल्याबरोबर तूस फुकट राहिला नाही. वीटभट्टीवाला, तेलगिरणीवाला आणि वीजकंपनी एकाच ढिगावर बोली लावू लागले. कचऱ्याला गिऱ्हाईक मिळाले की भाव येतो आणि प्रकल्पाच्या अहवालातला जळणाचा खर्च खोटा ठरतो. कोकणात काजूच्या टरफलांचे असेच झाले आहे. प्रक्रिया कारखान्यात ती पूर्वीपासून बॉयलरखाली जळतात, पण टरफलातल्या तेलाला रंग आणि ब्रेक-अस्तरांच्या उद्योगात मागणी आल्यापासून जाळण्याआधी तेल काढणे फायद्याचे झाले.

आता पसरलेला माल. त्यात विदर्भ-मराठवाडा-खानदेशातली पऱ्हाटी सर्वांत महत्त्वाची. राज्यात कापसाखाली ४० लाख हेक्टरच्या आसपास क्षेत्र असते आणि हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. तिचे उष्णतामूल्य किलोला सुमारे चार हजार किलोकॅलरी, म्हणजे देशी दगडी कोळशाच्या पंक्तीतले, आणि राख कोळशाच्या मानाने अगदीच कमी. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी रानातून काढावीच लागते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यात कापसाचे मोठे नुकसान केले. त्यानंतर फरदड, म्हणजे वाढीव वेचण्या, घेऊ नका आणि डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटा, असा कृषी विभागाचा आग्रह वाढला. उभ्या झाडावरच्या हिरव्या बोंडांत अळी तग धरते. बांधावर रचलेल्या ढिगातही ती पुढच्या हंगामापर्यंत सुप्त राहू शकते. म्हणून पऱ्हाटी वेळेत उपटून लगेच भुगा करणारे यंत्र हे जळण आणि पीकसंरक्षण अशी दोन्ही कामे करते. या विषयात शेतकऱ्याचा स्वतःचा फायदा इतका थेट असणारी जागा क्वचितच सापडते.

अडचण वजनाची. उपटलेली पऱ्हाटी ट्रॉलीत रचली तर ट्रॉली भरते, काटा मात्र फारसा हलत नाही. म्हणून रानातच तुकडे करून जवळच्या कारखान्यात दाबून कांड्या करतात. बाजारात यांना ब्रिकेट किंवा पांढरा कोळसा म्हणतात. भुग्यात ओल दहा-बारा टक्क्यांच्या आत असेल तर उष्णता आणि दाबाने लिग्निन मऊ होऊन तेच डिंकाचे काम करते, वेगळा चिकटा लागत नाही. ओल जास्त झाली की कांडी फुटते. गिऱ्हाईक म्हणजे सूतगिरण्या, रंगकाम, दुग्धप्रक्रिया आणि औषध कारखान्यांचे बॉयलर. मुंबईत १९२४ पासून असलेल्या ‘सिरकॉट’ने, म्हणजे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, पऱ्हाटी गोळा करण्यापासून कांडी आणि पार्टिकल बोर्डपर्यंतच्या पद्धती बसवल्या आहेत. नागपुरात शेतअवशेषांच्या अशाच कांड्या ‘मोक्षकाष्ठ’ नावाने स्मशानघाटांवर लाकडाच्या जागी वापरल्या जातात. ऊर्जेच्या परिषदांत या उपयोगाची चर्चा फारशी होत नाही, पण इतका नियमित खप आणि तोही शहराच्या मधोमध दुसरा शोधूनही सापडणार नाही.

पऱ्हाटीवर मोठे वीजकेंद्र चालवणे मात्र वेगळे प्रकरण आहे. दहा मेगावॅटचे केंद्र वर्षात सात हजार तास चालले तर सात कोटी युनिट होतात. युनिटमागे सव्वा ते दीड किलो जळण धरले तर वर्षाला सुमारे लाख टन माल हवा. हेक्टरी दोन टन हाताशी आले असे मानले तरी पन्नास हजार हेक्टरवरची पऱ्हाटी दोन-तीन महिन्यांत उचलून बारा महिने कोरडी ठेवायची. एवढ्या वर्तुळात हजारो शेतकरी, शेकडो ट्रॉल्या आणि मधले व्यापारी येतात, आणि किलोमीटरमागे खर्च वाढत जातो. औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के जैवभाराच्या गोळ्या मिसळण्याचे बंधन केंद्राने घातले आहे. त्याने गोळ्यांना मोठे गिऱ्हाईक मिळाले, पण या व्यवहारात गाव पुन्हा कच्चा माल पुरवणाराच राहते.

उसाचे पाचट हा सर्वांत वादाचा माल. तोडणीनंतर हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात पडते आणि खोडवा राखण्याच्या घाईत काडी ओढली जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पाचट आणि बगॅस यांसारख्या हलक्या, भुसभुशीत मालावर चालणारा गॅसिफायर, म्हणजे अपुऱ्या हवेत तापवून वायू करणारी भट्टी, तयार केला आणि औद्योगिक भट्टीसाठी वापरून पाहिला. नेहमीच्या गॅसिफायरला लाकडाचे ठोकळे लागतात. पाचट त्यात कमान धरून अडकते, खाली सरकतच नाही. याच संस्थेने एका तालुक्याच्या शेतअवशेषांतून त्या तालुक्याची ऊर्जेची गरज कितपत भागेल याचा फलटणपुरता हिशेब मांडला आणि ‘तालुका’ हे नियोजनाचे एकक असावे असा आग्रह धरला. या सबंध चर्चेतली ती सर्वांत शहाणी कल्पना म्हणावी लागेल. गाव फार लहान पडते, जिल्ह्यात वाहतूक परवडत नाही. तालुक्यात माल, बाजार आणि दुरुस्ती करणारा मेकॅनिक तिन्ही सापडतात.

‘आरती’ने पाचटाचा कोळसा केला. पिंपात पाचट ठासून झाकण लावायचे, पिंपे भट्टीत ठेवून खालून थोडे पाचट पेटवायचे. आतला माल तापला की त्यातून निघणारा ज्वलनशील वायू भट्टीतच जळतो आणि पुढची उष्णता तोच पुरवतो. चार-पाच किलो पाचटामागे किलोभर कोळशाची भुकटी मिळते. ती खळीत मळून साच्यातून कांड्या काढतात. संस्थेच्याच ‘सराई’ कुकरमध्ये अशा शंभर-दीडशे ग्रॅम कोळशावर एका कुटुंबाचा वरण-भात-भाजी वाफेवर शिजते आणि धूर होत नाही. कोळसा करण्याच्या या तंत्राला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तरी पाचटाचा कोळसा राज्यभर पसरला नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, काम काळवंडणारे आणि उसाच्या फडात मजूर आधीच दुर्मिळ.

पाचटावर जमिनीचाही हक्क आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत की पाचट सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका. ओल टिकते, तण कमी येते, सेंद्रिय कर्ब वाढतो. सेंद्रिय कर्ब घसरलेल्या उसाच्या जमिनीतून दरवर्षी दहा टन पाचट उचलून बॉयलरला देणे हा ऊर्जेच्या नावाखाली सुपीकतेचा उपसा ठरतो. जाळले तर नत्र हवेत जाते आणि राखेत पालाश तेवढा उरतो. वायू काढला तर स्लरी परत रानात येते. म्हणून ‘शिल्लक’ पाचट म्हणजे कुजवता न येणारे, नाहीतर जाळलेच जाणारे पाचट, एवढाच अर्थ घेणे योग्य.

गावासाठी वीज करण्याचे प्रयोग महाराष्ट्राबाहेर अधिक शिकवणारे झाले. कर्नाटकात तुमकुर जिल्ह्यातल्या पुरा गावात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने सामूहिक गोबर गॅस बांधला, आधी स्वयंपाकासाठी. गॅस सगळ्यांना पुरेना आणि लोकांचा रस संपला. १९८७ मध्ये तोच गॅस इंजिनात घालून नळाचे पाणी आणि घरात दिवे दिले, शेण आणणाऱ्याला किलोमागे मोबदला आणि स्लरी परत देण्याची सोय केली, तेव्हा गावाने तो मनावर घेतला. जळण तर रानातही मिळत होते, पाणी मात्र बायकांना डोक्यावरून आणावे लागत होते. प्रश्नाचा हा क्रम गावाला माहीत होता, अभियंत्यांना नंतर कळला. त्याच जिल्ह्यात होसहळ्ळीत १९८८ पासून लाकडाच्या गॅसिफायरवर दिवे, पाणी आणि पिठाची गिरणी चालली. बिहारमध्ये पश्चिम चंपारणातल्या तमकुहा गावी २००७ मध्ये ‘हस्क पॉवर’ने तुसाच्या गॅसिफायरवर अंधाऱ्या वस्त्यांना संध्याकाळची वीज विकली आणि उरलेल्या काजळीच्या उदबत्त्या करवल्या. पुढे सौरपट्ट्या स्वस्त झाल्या, तुसाचे भाव वाढले आणि कंपनी सौरविजेकडे वळली. केंद्राच्या ग्राम ऊर्जा सुरक्षा कार्यक्रमातले बहुतेक गॅसिफायर अनुदान संपल्यावर बंद पडले. वायूतला डांबरासारखा चिकटा रोज साफ करणारा, पगारी आणि टिकून राहणारा माणूस गावाला परवडत नाही, हे सगळीकडचे कारण.

यातून वापराचा एक क्रम दिसतो. किलोभर कोरड्या जैवभारात सुमारे चार युनिटांइतकी उष्णता असते. छोट्या गॅसिफायरवर तिची वीज केली तर जेमतेम एक युनिट हाती येते. सुधारित भट्टीत थेट उष्णता घेतली तर दोन-अडीच युनिटांइतकी कामी लागते. महाराष्ट्राच्या बहुतेक गावांत ग्रीड पोहोचली आहे आणि दिवसाची वीज सौर कृषी वाहिनीतून स्वस्त मिळू लागली आहे. जैवभाराने तिथे स्पर्धा करण्यात अर्थ नाही. हळद शिजवणे, बेदाणा आणि मिरची सुकवणे, गूळ, दूध तापवणे, वीटभट्टी, शाळांतले पोषण आहाराचे स्वयंपाकघर, ही तालुक्यातली उष्णतेची कामे डिझेल, लाकूड आणि सिलिंडरवर चालतात. गिऱ्हाईक जवळ आणि यंत्र साधे असल्याने पऱ्हाटीची कांडी तिथे टिकते.

सध्या सरकारी भर घन जळणापेक्षा दाबलेल्या वायूवर आहे. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की वाहनात चालणारा सीबीजी, म्हणजे दाबलेला बायोगॅस, होतो. तो तेलकंपन्यांनी ठरलेल्या भावाने विकत घ्यावा म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आली. पाच हजार संयंत्रांचे उद्दिष्ट होते. सात वर्षांनी चालू संयंत्रांची संख्या शेकड्याच्या घरात आहे. २०२५-२६ पासून शहरी गॅस कंपन्यांना सीएनजी आणि पाइप गॅसमध्ये १ टक्का सीबीजी मिसळणे बंधनकारक झाले. हे प्रमाण २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यायचे आहे. महाराष्ट्रात यासाठी सर्वांत हाताशी असलेला माल म्हणजे साखर कारखान्यात रस गाळून उरणारा प्रेसमड. उसाच्या तीन-चार टक्के तो निघतो आणि साधारण २५ टनांतून एक टन सीबीजी मिळतो. तो साठवताना मात्र कुजतो. उघड्यावर दोन-तीन महिने पडलेल्या प्रेसमडमधला गॅस हवेतच गेलेला असतो. काही ठिकाणी कमी पडणारा माल भरून काढायला नेपियर गवत लावण्याच्या योजना निघाल्या. ओलिताच्या जमिनीवर गॅससाठी गवत लावले की तो कचऱ्याचा प्रश्न उरत नाही, नवे पीक होते, आणि त्याचा भाव उसाशी तोलला जातो.

भाताच्या काडापासून इथेनॉल हा आणखी वरचा टप्पा. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला सुरू झालेला प्रकल्प वर्षाला दोन लाख टन काड घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी आखलेला आहे, आणि त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. पंजाब-हरियाणात पेरणीपूर्वीच्या तीन आठवड्यांत काड उचलण्याची निकड आहे, म्हणून एवढी गुंतवणूक तिथे समजण्यासारखी. महाराष्ट्रातल्या विखुरलेल्या, मिश्र पिकांच्या रानांना तो साचा बसत नाही.

सीबीजीच्या हिशेबात गॅसपेक्षा अवघड बाजू खताची निघाली आहे. दिवसाला दहा टन गॅस काढणाऱ्या प्रेसमड प्रकल्पात रोज दोन-अडीचशे टन माल आत जातो आणि कर्बाचा थोडा भाग सोडला तर तेवढेच ओझे ओले होऊन बाहेर येते. ते पिळून घन आणि द्रव वेगळे करावे लागतात. घन खताच्या विक्रीसाठी केंद्राने २०२३ मध्ये टनाला १,५०० रुपये साहाय्य जाहीर केले. द्रव भाग टँकरने दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे नेणे परवडत नाही, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांनी तो वर्षभर, पावसाळ्यातसुद्धा, रानात घ्यावा लागतो. जिथे प्रकल्पाने आधी शेतकऱ्यांशी हा करार केला तिथे टाक्या चालू आहेत. जिथे तो नंतर करायचे ठरले तिथे साठवण तळे भरले की माल घेणे थांबते.